ओनागासावा स्टेशनवरचा संडास

"या वेळी अगदी तळापर्यंत उपसा, याएगाशी-सान," रेल्वेचा माणूस म्हणाला. "परत यायची गरज पडणार नाही."

पंप चालू होता, त्यामुळे तोमेजी याएगाशीला नीट ऐकू आलं नाही. त्याने मैला उपसायच्या गाडीशी जाऊन पंप बंद केला आणि परत येऊन विचारलं, "काय म्हणालात?"

त्या माणसाने पांढरेशुभ्र हातमोजे घातले होते. उत्तर देण्याऐवजी त्याने प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद संडासाच्या दारावर चिकटवला, चारही कोपरे अंगठ्याने दाबले आणि एक पाऊल मागे सरून तो सरळ लागलाय का ते पाहिलं. ओनागासावा स्टेशनवरचा संडास एक नोव्हेंबरपासून बंद करण्यात येत आहे. प्रवाशांनी कृपया घरूनच जाऊन यावे. गैरसोयीबद्दल मनःपूर्वक क्षमस्व.

ओनागासावाची तिकीटखिडकी फळ्या ठोकून बंद केली त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून स्टेशनवर रेल्वेचं माणूस असं कुणी नाही. एक फलाट आहे, एक बसायची खोली आहे, तिच्या बाकांवर गावातल्या बायकांनी शिवलेल्या उशा आहेत, आणि बाजूला पत्र्याच्या छपराखाली हा खड्ड्याचा संडास. दिवसातून सहा वेळा एका डब्याची गाडी येते. तिकिटं ड्रायव्हरच गोळा करतो. शहरातल्या इस्पितळापर्यंत बावन्न मिनिटं लागतात आणि गाडीत संडास नाही.

तेवढ्यात काठीला बांधलेली घंटा वाजवत मासुए आजी फलाटाकडे आली. हिवाळ्याच्या आधी अस्वलं खाली उतरतात, म्हणून ऑक्टोबरात आमच्याकडे सगळेच घंटा बांधून फिरतात. मासुए आजी चौऱ्याऐंशीची. हृदय थकलेलं, पायांवर सूज. दर दुसऱ्या गुरुवारी ती नऊ चाळीसच्या गाडीने इस्पितळात जायची.

"काय लावलंय रे ते?" तिने तोमेजीला विचारलं. त्याने वाचून दाखवलं.

"घरून जाऊन यावे!" आजी म्हणाली. "घरून जाऊनच येते की मी. इथवर चालत येईस्तोवर परत लागते, त्याला काय करू? डॉक्टरांनी सूज उतरायची गोळीच तसली दिलीय." मग ती रेल्वेच्या माणसाकडे वळली. "तुमची आई आहे का? किती वर्षांची?"

"एकसष्ट," तो चाचरत म्हणाला.

"मग अजून वीस वर्षांनी तिला विचारा, घरून जाऊन येणं पुरतं का ते."

त्या माणसाने कमरेत वाकून तीनदा नमस्कार केला. "दिवसाला चार-पाच जणच वापरतात, आजी. सगळ्याच लहान स्टेशनांवरचे बंद होतायत. माझ्या हातात काही नाही." ते खरंच होतं. तो आपल्या मोटारीत बसला आणि पुढच्या स्टेशनवर कागद लावायला निघून गेला.

तोमेजी काही बोलला नाही. त्याने पंप पुन्हा चालू केला आणि सांगितल्याप्रमाणे तळापर्यंत उपसलं.

न बोलणं ही त्याची सवयच होती. चोविसाव्या वर्षापासून तो मैल्याची गाडी चालवत होता, आता सदुसष्टचा झाला होता. गावातली घरं त्याला मागच्या बाजूने ओळखीची. कुणाच्या परसात नळी कुठून न्यायची, कुणाचं कुत्रं चावतं, कुणाच्या टाकीचं झाकण फुटलेलं आहे, हे सगळं त्याला पाठ होतं. पुढची दारं त्याने फारशी पाहिली नव्हती. काम संपलं की घरी जाऊन तो दोनदा अंघोळ करायचा, आणि तरीही गावच्या बैठकीत दाराजवळची जागा धरायचा. कुणी त्याला तिथे बस म्हणून सांगितलं नव्हतं. कुणी आत ये असंही कधी म्हटलं नव्हतं. बायको योशिए गेल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगी चिनात्सु दूर सेंदाई शहरात नोकरी करायची. येत्या मार्चमध्ये गाडी दुसऱ्याला देऊन तिच्याकडे राहायला जायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. तिने त्याच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती, पडदेसुद्धा आणले होते.

एक नोव्हेंबरला संडासाच्या दारावर आडवी फळी ठोकली गेली.

त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारची गोष्ट. स्टेशनबाहेरच्या नाणी टाकायच्या यंत्रातून गरम कॉफीचा डबा घ्यायला म्हणून तोमेजीने गाडी थांबवली. डबा यंत्राच्या तळाशी पडला तोच स्टेशनातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बसायच्या खोलीत मासुए आजी जमिनीवर पडली होती. काठी बाकाखाली गेली होती. ओठ कोरडे, पांढरे पडलेले.

"आजी! आजी, माझा आवाज येतोय का?"

"ओरडू नकोस," ती डोळे न उघडता म्हणाली. "बहिरी नाही झाले."

अँब्युलन्स शहरातून येणार आणि शहरात परत जाणार. त्यात निम्मी सकाळ गेली असती. तोमेजीने तिला पाठीवर घेतलं आणि स्वतःच्या गाडीत, शेजारच्या सीटवर बसवलं. त्या सीटवर आजवर योशिएखेरीज कुणी बसलं नव्हतं. त्याने थंडी असूनही दोन्ही काचा खाली केल्या.

"काचा लाव की," आजी म्हणाली. "गारठून मारतोस का?"

"वास येईल म्हणून."

"अरे, मी गाई पाळल्यात चाळीस वर्षं. लाव काचा."

त्याने काचा लावल्या. घाट उतरताना त्याने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

"खाल्लं. प्यायले नाही."

"सकाळपासून?"

आजी बाहेर बघत राहिली. "काल दुपारपासून," ती म्हणाली. "आणि गोळी तीन दिवस नाही घेतली. मागच्या खेपेला गाडीत... बावन्न मिनिटं नाही धरवलं मला. शाळेची मुलं होती डब्यात. एक मुलगी उठून दुसरीकडे बसली, काही बोलली नाही बिचारी." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, तोमे. माझ्या मुलाला तर मुळीच नाही."

"नाही सांगत."

इस्पितळात डॉक्टर तोमेजीलाच आजीचा मुलगा समजला आणि त्याच्यावर जाम उखडला. पायांची सूज वाढली होती, फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. "आणखी दोन दिवस गेले असते ना, तर मी तुमच्याशी वेगळंच बोललो असतो," डॉक्टर म्हणाला. तोमेजी मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. मी तिचा कोणी नाही, हे त्याने सांगितलंच नाही.

परत येताना तो स्टेशनवर थांबला. फळीच्या खिळ्यांवर हात फिरवून बघितला, दाराला कान लावल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला, आणि मग गाडी वळवून थेट नगर कार्यालयात गेला.

काउंटरवर कान्नो नावाची बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन कुणाशी तरी बोलली आणि एक अर्ज घेऊन आली.

"रेल्वे म्हणते, गावाने ताब्यात घेतला तर त्यांची हरकत नाही. पण गावातले पाच जण जबाबदार म्हणून हवेत. सहीच्या जागी प्रत्येकाच्या नावाच्या शिक्क्यासकट. साफसफाई, दुरुस्ती, काही झालं तर उत्तर द्यायचं, सगळं त्या पाच जणांवर. महिनाअखेरपर्यंत."

"उपसायचं काम मी करीन," तोमेजी म्हणाला.

"ते झालं हो. पण पाच जण?" कान्नोबाईने पेन त्याच्या पुढे केलं. "एक तुम्ही. बाकीचे चार आहेत का?"

"आहेत," तो म्हणाला. त्या वेळी एकही नव्हता.

त्या संध्याकाळी चिनात्सुचा फोन आला. त्याने तिला अर्जाचं सांगितलं.

"बाबा, आयुष्यभर तेच केलंत. आता वरून त्या गावासाठी फुकट करणार? कुठल्या गावासाठी? माझ्या वर्गातली मुलं मला बघून नाक धरायची, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग?"

"आजी पडली, चिनात्सु. पाणी न पिता बसली होती ती."

"मग तिच्या मुलाला करू दे की! त्यांच्याकडे मोटार आहे."

"तो शनिवारी-रविवारीच असतो. आणि एकट्या आजीचं नाही ते." त्याला नीट सांगता येईना. "लोकांसाठी दुसरं काही करता येत नाही मला. हे येतं."

"आणि मार्च?"

"मार्चमध्ये नाही जमणार."

"पडदे लावलेत मी," चिनात्सु म्हणाली. तिने फोन ठेवला. तोमेजीने तो हातात धरून ठेवला. पुन्हा लावावा असं त्याला वाटलं, पण मार्चमध्ये येतो म्हणून सांगता आलं नसतं. त्याने फोन जागेवर ठेवला आणि भाताचा कुकर लावला.

रविवारी त्याने दोनदा अंघोळ केली, दाढी केली आणि कपाटातला सूट काढला. त्याच्याकडे एकच सूट होता, योशिएच्या अंत्यविधीला शिवलेला. तो घालून तो गावप्रमुख इवाबुचीच्या घरी गेला. परसाकडे वळलेले पाय त्याने थांबवले आणि पुढचं सरकतं दार गाठलं.

इवाबुचीने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे देवा. कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग हा काळा सूट?"

"दुसरा नाही."

इवाबुचीने सुस्कारा सोडला आणि हसू लागला. पण अर्ज वाचता वाचता त्याचं हसू गेलं. "तोमे-सान, तुमची तळमळ कळते मला. पण चार-पाच वर्षांत ही लाइनच राहते की नाही, कुणास ठाऊक. आपण संडास घेऊन बसायचं आणि गाडीच यायची नाही."

"आज येतेय ना?"

"आज येतेय, पण—"

"आज आजींना लागतो. चार वर्षांनी नाही लागला तर मीच खड्डा बुजवीन. लिहून देतो."

"मला विचार करू द्या," इवाबुची म्हणाला. आमच्याकडे विचार करतो म्हटलं की ते नाहीच असतं. तोमेजीने वाकून नमस्कार केला आणि तो पुढच्या घरी गेला.

तीन दिवसांत तो एकोणीस घरी गेला. सगळीकडे पुढच्या दाराने. दारूच्या दुकानवाल्या कुजीने न वाचताच शिक्का मारला. "माझी म्हातारी पण त्याच गाडीने जाते. आणि माझं गिऱ्हाईक दुकानामागे उभं राहण्यापेक्षा तिकडे गेलेलं बरं!" मासुए आजीने इस्पितळाच्या खाटेवर शिक्का मारला. कान्नोबाईने ते चालेल म्हणून सांगितलं होतं. वयाची अट कुठेच लिहिलेली नव्हती. झाले तीन. बाकीची घरं चहा द्यायची, हळहळायची आणि विचार करायची.

राहिलं ओदाशिमा बाईंचं घर. ते तोमेजीने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ओदाशिमा बाई निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तरच्या, ताठ. दाराशी त्याला पाहून त्या म्हणाल्या, "टाकीचं काम ना? बागेतून मागे जा, फाटक उघडंच आहे."

"टाकीला नाही आलो," तोमेजी म्हणाला. "बोलायला आलोय."

त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि उंबऱ्याशी गुडघे टेकून बसल्या. तोमेजी पायरीखाली उभाच राहिला. त्याने सगळं सांगितलं. आजीची गाडीतली गोष्ट मात्र वगळली. बाईंनी अर्ज ओळ न् ओळ वाचला, जणू विद्यार्थ्याची वही तपासतायत.

"माझ्याकडे शेवटी का आलात?"

तोमेजी म्हणाला, "चिनात्सु तिसरीत तुमच्या वर्गात होती. तुम्ही तिला एकटीला खिडकीजवळ बसवलंत. वर्षभर."

बाईंनी अर्ज मांडीवर ठेवला.

"मुलं तिला त्रास द्यायची," बाई हळूच म्हणाल्या. "ती दूर असली तर देणार नाहीत, असं वाटलं मला. मी तेव्हा नवीन नव्हते, याएगाशी-सान. मला कळायला हवं होतं. मुलांना हलवायला हवं होतं, तिला नाही."

"घरी आली की ती आधी अंघोळ करायची," तोमेजी म्हणाला. "न्हाणीघरातून बाहेरच यायची नाही."

आपण शिक्का मागायला आलो होतो आणि हे काय बोलून बसलो, असं वाटून त्याने हात पुढे केला. "द्या तो कागद. चुकलं माझं."

बाईंनी कागद दिला नाही. "रोज साफ कोण करणार?"

"मी."

"रोज?"

"सकाळच्या गाडीआधी."

"आजारी पडलात तर? बर्फात गाडी अडकली तर? शाळेतसुद्धा पाळ्या असतात. एका माणसावर ठेवलेलं काम टिकत नाही." त्या उठल्या, आत गेल्या, शिक्का घेऊन आल्या आणि नावापुढे जोरात दाबला. मग अर्जाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. "मंगळवार आणि शुक्रवार माझे. कुठला ब्रश लागतो, तो मला उद्या दाखवा. आणि चिनात्सुला..." त्या थांबल्या. "तिला मी पत्र लिहीन. वाचायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल."

पाचवा शिक्का इवाबुचीचा. ओदाशिमा बाईंच्या हस्ताक्षरातलं 'मंगळवार, शुक्रवार' वाचून तो कानशिलापर्यंत लाल झाला. तोही त्यांचा विद्यार्थी होता.

"बाई स्वतः घासणार?"

"हो म्हणाल्या."

"मग माझा विचार झाला," इवाबुची म्हणाला आणि शिक्का शोधायला आत पळाला.

डिसेंबर लागताच बर्फ सुरू झालं. फळी निघाली. तोमेजीने कुजलेली जमीन उखडून नवीन तक्ते घातले, खाली बसावं लागू नये म्हणून खड्ड्यावर खुर्चीसारखी बैठक बसवली, भिंतीला दोन्ही बाजूंनी दांड्या लावल्या. कुजीने दिवा आणून दिला. ओदाशिमा बाई पहिल्या मंगळवारी रबरी बूट आणि शाळेतला जुना एप्रन घालून आल्या, आणि तोमेजीने दाखवल्यापेक्षा जास्त घासून गेल्या. गावच्या बैठकीत त्या मुद्दाम दाराजवळ, त्याच्या शेजारी येऊन बसल्या. तिथे वारा लागतो म्हणून पाच मिनिटांत त्यांनी त्याला सतरंजीच्या मधोमध हलायला लावलं. चिनात्सुचा फोन अजून आला नव्हता. मग एका रात्री आला. "पत्र आलं," एवढंच ती म्हणाली, आणि नंतर, "नवीन वर्षाला मी तिकडे येते."

मासुए आजी इस्पितळातून घरी आली होती, पण तिच्या मुलाचं ठरलं होतं. घरात एकटी पडली तर काय, म्हणून शहरातल्या वृद्धनिवासात जागा मिळवली होती. आजी दोन दिवस भांडली आणि तिसऱ्या दिवशी तिने सामान बांधायला घेतलं. एकच अट घातली: मोटारीने नाही, आगगाडीनेच जाणार.

गुरुवारी सकाळी साडेनऊला ती आली. मुलगा मागून दोन पिशव्या घेऊन येत होता. पन्नाशी उलटलेला, थकलेला, बर्फात शहरी बुटांनी घसरत चालणारा माणूस. तोमेजी फावडं घेऊन उभा होता.

"झाला का तुझा महाल?" आजीने विचारलं.

"झालाय."

"बघते." ती आत गेली आणि तिने कडी लावली.

मुलगा घड्याळ बघत राहिला. "गाडी पाच मिनिटांत येईल हो. घरून जाऊन आली होती."

"होईल," तोमेजी म्हणाला. "गाडी दिसली की मी हात करीन. ड्रायव्हर थांबतो."

आतून पाण्याचा आवाज आला, मग हात धुतल्याचा. आजी बाहेर आली ती सावकाश, घाई न करता, स्कार्फ नीट करत.

"दांडी बरोबर उंचीवर लावलीस," ती म्हणाली. "आणि गार नाही लागत बुडाला."

"आई!" मुलगा म्हणाला.

"काय आई? चांगलं केलंय तर सांगू नको?" तिने तोमेजीचा हात धरला. तिचा हात ओला आणि थंड होता. "मी आज सकाळी तीन भांडी चहा प्यायले, तोमे. गोळीसकट."

गाडी वळणावर दिसली. ड्रायव्हरने खाली उतरून पिशव्या आत घेतल्या, मुलाने आईला दोन्ही हातांनी वर चढवलं आणि मागून तोही चढला. काचेला वाफ धरली होती. आजीने बाहीने एक गोल पुसला आणि त्यातून बघत राहिली. तोमेजीने वाकून नमस्कार केला. गाडी निघाली, बर्फाचा भुगा उडाला आणि रुळांवर बसला.

या खेपेला ती परत येणार नव्हती. ते तिला माहीत होतं आणि त्यालाही.

तो आत गेला. बैठक पुसली, जमीन कोरडी केली, कागदाची नवी गुंडाळी लावली आणि बादली भरून ठेवली. पुढची गाडी दहा अठ्ठेचाळीसला होती. तेवढ्यात पुन्हा बर्फ पडायला लागलं आणि फलाटापासून दारापर्यंतची वाट पांढरी झाली. तोमेजीने फावडं उचललं आणि ती वाट, काठी टेकत एका माणसाला जाता येईल एवढी, मोकळी करायला घेतली.